एका वेळी दहा पानं, पण किती मिनिटं? ऑफिससाठी श्रेडर निवडताना

आर्थिक वर्ष संपलं की नाशिकच्या शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, टिळकवाडी या पट्ट्यातल्या सीए, वकील आणि विमा एजंटांच्या ऑफिसांत माळे रिकामे व्हायला लागतात. बॉक्स फाईली खाली उतरतात, धूळ झटकली जाते आणि कुणीतरी विचारतं, "हे रद्दीत घालायचं का?" घालू नये. त्या गठ्ठ्यात अशिलांच्या पॅन-आधारच्या झेरॉक्स असतात, कॅन्सल केलेले चेक असतात, पगारपत्रकं असतात. रद्दीतला सगळाच कागद थेट लगदा व्हायला जातो असं नाही. एका बाजूने कोरा असलेला चांगला कागद वाटेत वेगळा निघतो आणि शेंगदाण्याच्या पुडीपासून टेलरच्या मापाच्या चिठ्ठीपर्यंत कुठेही पोचतो.

म्हणून मग श्रेडर, म्हणजे कागदाचे बारीक तुकडे करणारं मशीन, घ्यायचं ठरतं. दुकानात जावं किंवा मोबाईलवर शोधावं, प्रत्येक खोक्यावर 'हेवी ड्यूटी' छापलेलं असतं. स्वस्तातल्या स्वस्त मशीनवर असतं आणि त्याच्या दहापट किमतीच्या मशीनवरही असतं. हे शब्द कुणीही छापू शकतं, त्याला कसलीही परीक्षा नाही. दुकानदार पाठोपाठ दुसरी गोष्ट सांगतो: "सर, एका वेळी दहा पानं घेतं." हा आकडा खरा असतो, पण त्याच्यावर मशीन निवडलं तर हमखास फसायला होतं. आधी विचारायचं ते हे: मशीन सलग किती मिनिटं चालतं आणि त्यानंतर किती वेळ बंद ठेवावं लागतं?

रनटाइमचं गणित

माहितीपत्रकात अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ असते: '2 मिनिटं चालू, 30 मिनिटं बंद'. कुठे तीन मिनिटं असतात, कुठे पाच. विश्रांती मात्र साधारण अर्ध्या तासाची किंवा त्याहून जास्त. यालाच ड्यूटी सायकल म्हणतात. आता हिशेब मांडू.

ए4 कागदाची लांबी 297 मिलिमीटर. मशीनचा वेग मिनिटाला दोन मीटर धरला तर एक घास आत जायला नऊ सेकंद लागतात. पुढची पानं उचलणं, सरळ करणं, घालणं हे धरून मिनिटाला पाच घास, त्याच्या वर जात नाही. खोक्यावर आठ पानं लिहिलेल्या मशीनला रोजच्या वापरात सहाच द्यावीत, ते का ते पुढे येईल. म्हणजे मिनिटाला तीस पानं, दोन मिनिटांत साठ. मग अर्धा तास गप्प बसायचं. तासाभरात झाली जेमतेम 120 पानं. ठासून भरलेल्या एका बॉक्स फाईलमध्ये चार-साडेचारशे पानं सहज असतात. एका फाईलला साडेतीन तास! माळ्यावर अशा चाळीस फाईली असतील तर ते मशीन घेऊन उपयोग काय? ऑफिसातला मुलगा दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात सरकवून ठेवणार आणि गठ्ठे पुन्हा रद्दीच्या वाटेला लागणार.

आता पंधरा पानांचं, सलग अर्धा तास चालणारं मशीन घ्या. त्याला अकरा-बारा पानं दिली तरी तीच फाईल आठ-नऊ मिनिटांत संपते, आणि मशीन गरम होण्याआधी आणखी दोन फाईली होतात. पानांची संख्या दुपटीहून कमीच वाढली, काम मात्र कितीतरी पटीने वाढलं. हा सगळा फरक मोटरमुळे पडतो.

लहान मशीनमध्ये मिक्सरसारखी, कार्बन ब्रशवाली, प्रचंड वेगाने फिरणारी छोटी मोटर असते. तिचा वेग गिअरने खाली आणून ब्लेडला ताकद दिली जाते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण लगेच तापते आणि बंद प्लास्टिकच्या खोक्यात ती उष्णता जायला जागा नसते. मोठ्या मशीनमध्ये इंडक्शन मोटर असते: जड, संथ, तांबं आणि लोखंड भरपूर. ती सावकाश तापते. 'कंटिन्युअस ड्यूटी', म्हणजे न थांबता चालणारं, असं लिहिलेल्या मशीनमध्ये बहुधा हीच असते. दुकानात मोटर कोणती असं सरळ विचारा. उत्तर मिळालं नाही तर मशीन उचलून बघा. आतलं लोखंड वजनात कळतं. एका हाताने उचललं जाणारं मशीन दिवसभर कागद कापू शकत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

तापल्यावर मशीन आपोआप बंद पडतं, ते बिघडलेलं नसतं. आतला थर्मल कटआउट मोटर वाचवतो. लोक वैतागतात, दर दोन मिनिटांनी बटण दाबत राहतात, पंखा लावतात. अशी सतत तापत राहिली की मोटरच्या तारांवरचं वार्निश करपतं आणि एक दिवस जळका वास येतो. तो आला की दुरुस्तीचा खर्च आणि नव्या मशीनची किंमत यांत फारसा फरक राहत नाही.

काम डोंगराएवढं आणि मशीन लहान असलं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण पूर्व जर्मनीचं आहे. 1989 च्या अखेरीस सरकार कोसळत असताना तिथल्या श्टाझी या गुप्त पोलिसांनी फाईली नष्ट करायला घेतल्या. श्रेडर त्या ओझ्याखाली बंद पडले, तेव्हा माणसांनी हाताने कागद फाडले. अशा फाडलेल्या कागदांची सुमारे 16,000 पोती नंतर लोकांच्या हाती लागली आणि ती जुळवायचं काम पुढे अनेक वर्षं चाललं.

दहा पानं म्हणजे कोणती?

खोक्यावरचा आकडा 70 किंवा 75 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) कोऱ्या, सपाट, कोरड्या कागदावर काढलेला असतो. आपल्या फाईलीतला कागद तसा नसतो. बाँड पेपर जाड, लेजरचं पान त्याहून जाड. घडी घातलेलं पान दोन पानं मोजायचं. पाकीट न फोडता घातलं तर चार-पाच पानं आणि वर डिंक.

नाशिकमध्ये एक गोष्ट जास्तीची, ती म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये तळमजल्यावरच्या किंवा पत्र्याच्या शेडमधल्या फाईली ओल धरतात. दमट कागद कापला जात नाही, तो चुरगाळून ब्लेडच्या मध्ये लगद्यासारखा बसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्टोअरच्या मागे ठेवलेली जुनी चलनं आणि गेटपास असले की हे ठरलेलंच. असा गठ्ठा उन्हाळ्यात कापावा, नाहीतर आधी पंख्याखाली सुटा करून वाळवावा. आणि मशीनच्या आकड्यातून चौथा हिस्सा कायम वजा धरावा. आठचं मशीन सहाचं, वीसचं पंधराचं. एवढं पाळलं तरी निम्मे जाम टळतात.

जाम झालेलं मशीन उघडून पाहिलं तर गोष्ट साधी असते. दोन दंडगोल शेजारी शेजारी, त्यांवर दात्यांच्या चकत्या एकमेकींत अडकलेल्या. मध्ये घट्ट दाबला गेलेला कागदाचा पुठ्ठा, कडेला पिठासारखी पांढरी धूळ, आणि बऱ्याचदा एक वाकडी झालेली जेम्स क्लिप. बाजूचं झाकण काढलं की गिअर दिसतात. ते पांढऱ्या नायलॉनचे असतील तर त्यांतल्या एकाचे दोन-तीन दाते उडालेले सापडतात. ब्लेड शाबूत, मोटर शाबूत, पण गिअर गेला आणि तो सुटा मिळत नाही. घेण्याआधी गिअर स्टीलचे आहेत का हे म्हणूनच विचारायचं. ब्लेडसुद्धा कडक केलेल्या स्टीलच्या अखंड दंडगोलात कापलेली असतील तर उत्तम; पत्र्याच्या चकत्या ओवून केलेली ब्लेड पिना खाऊन लवकर बोथट होतात.

स्टेपलची नेहमीची छोटी पिन चालते असं बहुतेक कंपन्या लिहितात, आणि ती चालतेही. मोठ्या स्टेपलरची जाड पिन, क्लिप, स्प्रिंग फाईलची पट्टी, लॅमिनेशन, चिकट लेबल हे मात्र काढूनच. लेबलचा गोंद ब्लेडला लागला की त्यावर कागदाची धूळ बसते आणि थर वाढत जातो.

तुकडा केवढा हवा

कापण्याच्या तीन तऱ्हा असतात. पट्टी कट म्हणजे स्ट्रिप: लांब शेवया. क्रॉस कट: आडवं-उभं कापून छोटे तुकडे. मायक्रो कट: जवळपास भुगा. याचं मोजमाप मात्र पक्कं आहे. जर्मनीचं डीआयएन 66399 हे मानक 2012 मध्ये आलं आणि पुढे तेच आयएसओ/आयईसी 21964 म्हणून जगभर स्वीकारलं गेलं. त्यात कागदासाठी पी-1 ते पी-7 अशा सात पायऱ्या आहेत. पी म्हणजे कागद. सीडी, हार्ड डिस्क वगैरेंसाठी वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे सीडीची फट असलेलं मशीन सीडीच्या बाबतीतही तेवढंच सुरक्षित असेल असं नाही.

आपल्या कामाच्या पायऱ्या मोजक्या. पी-2 मध्ये 6 मिलिमीटरपर्यंत रुंदीच्या पट्ट्या चालतात. पी-4 मध्ये तुकडा 160 चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नको, म्हणजे एका ए4 चे किमान 390 तुकडे. पी-5 मध्ये तुकडा 30 चौरस मिलिमीटरच्या आत, म्हणजे एका पानाचे दोन हजारांहून जास्त. पी-6 आणि पी-7 सरकारी गुप्त कागदांसाठी. त्यांचा विचार आपण करायचं कारण नाही.

पट्टी कट घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. कारण एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. उभं छापलेलं पत्र मशीनमध्ये वरच्या कडेने घातलं की पट्ट्या वरून खाली जातात आणि प्रत्येक ओळ तुकड्यांत कापली जाते. ठीक. पण पगारपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, स्टॉकचा तक्ता हे बहुतेक आडवं छापलेलं असतं. ते पान फटीत बसतं ते अरुंद कडेनेच, कारण फट साधारण 22-23 सेंटिमीटरची असते. आता पट्टी ओळीच्या दिशेने जाते. एक्सेलची नेहमीची ओळ साधारण सव्वापाच मिलिमीटर उंच, पट्टी सहा मिलिमीटर रुंद. डब्यातून एकेक शेवई उचला: नाव, खाते नंबर, मोबाईल, रक्कम, अख्खी ओळ एका पट्टीवर. जोडायलाही काही नको. चेक अरुंद बाजूने घातला तरी तेच होतं.

उभ्या पट्ट्याही जोडता येतात. 1979 मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासाचा ताबा घेतला गेला तेव्हा तिथे पट्ट्या केलेले गुप्त कागद सापडले. ते चिकाटीने जुळवून पुढे पुस्तकरूपात छापले गेले. बारीक तुकड्यांचं काय, हे बघायला अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने 2011 मध्ये स्पर्धा ठेवली. पाच कोडी, दहा हजारांहून जास्त तुकडे, 50,000 डॉलरचं बक्षीस. संगणकाच्या मदतीने एका चमूने ती 33 दिवसांत सोडवली. म्हणजे अशक्य काहीच नाही. पण तुमच्या दोन हजार तुकड्यांच्या पानामागे कुणी महिनाभर बसणार आहे का, हा प्रश्न आहे. शिवाय डब्यात एकच पान नसतं, शेकडो पानांची मिसळ झालेली असते.

नाशिककराला याचं आणखी एक टोक घरचंच आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. त्या मळल्या, फाटल्या की रिझर्व्ह बँकेकडे परत जातात. तिथे मशीन त्यांची तपासणी करतं, बाद नोटांचा बारीक चुरा करतं, आणि तो दाबून त्याच्या विटा पाडल्या जातात.

ऑफिससाठी पी-4 पुरेसं आहे. आरोग्याचे रिपोर्ट, कर्जाच्या फाईली, ग्राहकांची केवायसी असेल तर पी-5 घ्या. मात्र सरसकट मायक्रो कटच्या मागे लागू नका. तुकडा जितका बारीक तितकं तेवढ्याच मोटरला काम जास्त. त्याच किमतीत क्रॉस कट पंधरा पानं घेत असेल तर मायक्रो कट आठ-दहाच घेतं, तापतं लवकर, तेल जास्त मागतं. मोठा गठ्ठा आणि छोटं बजेट असेल तर दणकट पी-4 हे रडतखडत चालणाऱ्या पी-5 पेक्षा कधीही बरं, कारण ते रोज वापरलं जातं.

कुणाला काय

घरी हेवी ड्यूटी नको. खरंच नको. महिन्याला येणारी पाकिटं, जुनी स्टेटमेंट, मुलांच्या ॲडमिशनसाठी काढलेल्या जादा झेरॉक्स यांना सहा-आठ पानांचं क्रॉस कट मशीन पुष्कळ आहे. आठवड्याला पाच मिनिटं चालवा, साठू देऊ नका. वर्षानुवर्षांचा साठा एकदाच काढायचा असेल तर त्या एका दिवसासाठी मोठं मशीन विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या ऑफिसातलं वापरू द्या म्हणून विनंती करा.

चार-सहा माणसांच्या ऑफिसला बारा ते पंधरा पानं, सलग वीस-तीस मिनिटं, पी-4, स्टीलचे गिअर आणि 25-30 लिटरचा डबा. डब्याकडे लोक बघतच नाहीत. लहान डबा दर दहा मिनिटांनी भरतो, तुकडे वर येऊन ब्लेडला परत गुंडाळतात, आणि जाम होतो तो तिथून. ओढून काढायचा खणासारखा डबा असावा. मशीनचं डोकं उचलून रिकामा करायच्या डब्यात निम्मा भुगा फरशीवर पडतो.

पतसंस्था, हॉस्पिटल, मोठी लॅब यांनी कंटिन्युअस ड्यूटीच घ्यावं आणि घेताना सर्व्हिस नाशिकात मिळते का हे आधी बघावं. पन्नास किलोचं मशीन दुरुस्तीला मुंबईला पाठवायचं म्हणजे महिनाभर विसरायचं. दुकानात जाताना आपल्या फाईलीतले थोडे टाकाऊ कागद सोबत न्या, पिनांसकट. दुकानदार कोरे, करकरीत कागद घालून दाखवतो. तुम्ही तुमचे घाला आणि पाच मिनिटं सलग चालवायला लावा. आवाजही तेव्हाच कळतो. फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या टेबलाशेजारी ठेवायचं असेल तर त्या आवाजाला किंमत आहे. लाईट गेल्यावर ते घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालवू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

तेल आणि बोटं

क्रॉस आणि मायक्रो कटला तेल लागतंच. कंपनीच्या बाटलीतलं तेल एका कागदावर नागमोडी ओढायचं, तो कागद मशीनमध्ये घालायचा, मग थोडा वेळ रिव्हर्स, थोडा वेळ पुढे. डबा रिकामा केला की तेल, अशी सवय लावली की वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. गंज सोडवायचा फवारा किंवा दाबाखालची कुठलीही स्प्रेची बाटली चुकूनही वापरू नका. तिच्यातला वायू पेट घेणारा असतो आणि ब्रशवाल्या मोटरमध्ये ठिणग्या उडत असतात.

मशीनला कागद आणि ओढणी यांतला फरक कळत नाही. टाय, मोकळे केस, गळ्यातली लांब चेन, आणि ऑफिसात सगळ्यांत धोक्याची आयकार्डची दोरी, कारण माणूस वाकला की ती बरोबर फटीवर लोंबते. घरात लहान मूल असेल तर काम झालं की प्लग काढून ठेवायचा. 'ऑटो' वर ठेवलेलं मशीन कागदाची चाहूल लागली की सुरू होतं. ती चाहूल बोटाचीही असू शकते.

काय कापायचं नाही

नवं मशीन आलं की लोकांना चेव येतो. थांबा. जीएसटीचे हिशेब आणि कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. प्रकरण अपिलात किंवा चौकशीत असेल तर ते मिटल्यावरही पुढे काही काळ. आयकराचं तुमच्या सीएला विचारा आणि फाईलवरच 'अमुक तारखेनंतर नष्ट' असं मार्करने लिहून ठेवा. पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो. सातबारा पुन्हा ऑनलाईन काढता येतो, खरेदीखताची मूळ प्रत तशी निघत नाही. मृत्युपत्र, मूळ शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा भाग दाखला हे गठ्ठ्यात चुकून गेलेत का, हे मशीन सुरू करण्याआधी जाणत्या माणसाने एकदा चाळायचं. हे काम नव्या मुलावर सोडू नये.

2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुख्यतः डिजिटल माहितीबद्दल आहे, पण कागद स्कॅन करून ठेवलात की ती माहिती त्याच्या कक्षेत येते. म्हणजे कागदाचा भुगा केला आणि त्याचं स्कॅन मात्र ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहिलं, तर काम अर्धंच झालं.

उरला भुगा. पट्ट्यांपेक्षा तुकडे कमी जागा घेतात, तरी मोठी पिशवी पाहता पाहता भरते. काचसामान पाठवणाऱ्यांना तो भरावासाठी उपयोगी पडतो. साधा कागद असेल तर गांडूळखताच्या वाफ्यात थोडा थोडा, शेणाबरोबर ओला करून घालता येतो. चकचकीत कागद आणि एटीएमच्या पावत्यांचा थर्मल कागद त्यात नको. रद्दीवाला तुकड्यांना पूर्ण कागदाएवढा भाव देत नाही, कारण कापताना कागदाचे तंतू आखूड होतात आणि त्यांचा लगदा हलक्या प्रतीचा निघतो. घंटागाडीत द्यायचा असेल तर सुक्या कचऱ्यात, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधून.